शेवटची जुनी पेटी

प्रिय भिंगरी,

आधी ओळख करून देते, कारण तुझ्या लक्षात असेलच असं नाही. मी तुझी आजी. बापाकडची. ठेंगणी, कानाने तिखट आणि तोंडाने त्याहून तिखट. लहानपणी तुझे केस विंचरताना तुझ्या किंकाळ्या ऐकून शेजारी धावत यायचे, ती विंचरणारी मीच. तुमच्याकडे म्हणे कुणी पासवर्ड विसरलं तर यंत्र आठवण करून देतं. आजीला विसरलं तर आठवण करून देणारं यंत्र अजून निघालेलं दिसत नाही. निघालं की पहिलं तुझ्या टेबलावर बसवून घे.

अक्षर तुझ्या आईचं आहे, शब्द माझे. तिला बजावलंय की मी बोलेन तसंच उतरवायचं, मध्ये साफसफाई करायची नाही. मागच्या खेपेला मी ‘गाढवे’ म्हटलं आणि हिने ‘बाळा’ लिहिलं. तुला वाटलं असेल, म्हातारी मवाळ झाली. फोन करता आला असता, पण फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ करत दुसरंच काहीतरी टाइप करत असतेस. बोटांची टकटक मला ऐकू येते गं. पत्राशी असं हो-हो करता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

इथे सगळं छान चाललंय. तुझ्या बापाने स्वयंपाकघरातला नळ स्वतःच्या हाताने दुरुस्त केला, त्यामुळे आता प्लंबरला बोलवावं लागणार आहे. माझं शिवणयंत्र अजून खिडकीशीच आहे. डोळा सुईत दोरा ओवण्याइतका शाबूत आहे, म्हणून बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या साड्यांचे सुटलेले फॉल आणि उसवलेले खिसे माझ्याकडेच येतात. खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका मजेत आहेत. जन्मभर बस चालवली, आता डोळे गेले, तरी जिना उतरताना वळणावर तोंडाने हॉर्न वाजवतात.

आणि यंत्राच्या शेजारी ती पेटी. बोलक्या पुस्तकांची, तू आणून दिलेली. इतर बटणांत आजीचा घोटाळा होऊ नये म्हणून तू चालू करायच्या बटणावर माझ्याच डब्यातलं कोटाचं मोठं बटण चिकटवलंस, ते अजून पक्कं आहे. तेव्हा तू शाळेत होतीस आणि सुट्टीत त्या संस्थेत जाऊन न दिसणाऱ्या, न वाचणाऱ्या लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायचीस. पुढे शिकून भिंगरीसारखी कुठल्याही मोठ्या कंपनीत गेली असतीस, तर त्याच संस्थेत पेट्यांचा कॉम्प्युटर प्रोग्राम सांभाळायला जाऊन बसलीस. तुझ्या बापाने कपाळाला हात लावला होता. मी नव्हता लावला, हे लक्षात असू दे.

तू वाचलेली सगळी पुस्तकं त्या पेटीत आहेत आणि मी ती अजून ऐकते. तू फार वाईट वाचायचीस. खेळायला जायची घाई झाली की पानं गाळायचीस. एका कादंबरीत थोरला जावई नदीत बुडून मरतो, घरभर रडारड होते, आणि लगेच पुढे तोच जावई निवांत बसून चहा पितो. मधल्या पानांत काय चमत्कार झाला ते तुलाच ठाऊक. मी बाई तो जावई जिवंत धरून चालले आणि पुढचं सगळं मला नीट कळलं. एके ठिकाणी तुला शिंक येते आणि मागून कुणीतरी ओरडतं, ‘रेकॉर्डिंग चालू आहे!’ ते मला कादंबरीपेक्षा जास्त आवडतं.

तर झालं काय, मध्यंतरी तुमच्या संस्थेतून एका मुलीचा फोन आला. नवीन लागलेली, चिमणीसारखी किलबिल करणारी. म्हणाली, आजी, जुन्या पेट्या बदलून सगळ्यांना नव्या दिल्या, तुमची तेवढी राहिली, कुणाच्या नजरेतून सुटली वाटतं. मी तुझी आजी आहे हे तिला माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती सावध झाली असती. तुझी आई म्हणते, हे काही चांगलं नाही केलंत. लिही म्हटलं, हेही लिही.

मी विचारलं, चांगली चालती पेटी का बदलायची? तेव्हा तिने समजावलं. तुमचा प्रोग्राम म्हणे अख्खा तुम्ही लिहिलेला नाही. बरेचसे भाग बाहेरच्या लोकांनी बनवलेले असतात, तुम्ही ते आणून जोडता. जुन्या पेट्यांशी बोलणारा जो भाग आहे, त्यात एक भोक सापडलंय. बनवणाऱ्यांनी ते बुजवून नवा भाग दिलाय, पण नवा भाग जुन्या पेट्यांशी बोलत नाही. म्हणून आधी पेट्या बदलायच्या, मग भाग. मी म्हटलं, अगं, म्हणजे इलॅस्टिकच की! मी एवढ्या पोरांच्या चड्ड्या शिवल्या. कापड माझं, शिलाई माझी, इलॅस्टिक मात्र बाजारातून आणलेलं. चड्डी दिसायला नवीकोरी, आतलं इलॅस्टिक मेलेलं, आणि भर मैदानात लाज जायची ती पोराची. ती पोरगी इतकी हसली की तिच्या शेजारच्याने येऊन विचारलं काय झालं म्हणून.

मग मी विचारलं, भोकातून कुणी आत शिरलं तर काय घेऊन जाईल? गोष्टीच ना? घेऊन जाऊ दे, आमच्या जावयाला कोण चोरतंय! तेव्हा ती हसायची थांबली. म्हणाली, आजी, गोष्टी नाही, ऐकणाऱ्यांची नावं आणि पत्ते. कोण एकटं राहतं, कुणाला दिसत नाही, कुणाची पेटी रोज कधी चालू असते. आमच्या मॅडम (म्हणजे तू, बरं का) बैठकीत दरवेळी सांगतात की काही जुने श्रोते अजून आहेत, त्यांची गैरसोय होईल, थोडं थांबू. मी खोदून विचारलं, किती आहेत गं हे काही श्रोते? ती म्हणाली, आता तुम्हीच, आजी.

भिंगरे, मी तिला पुन्हा मोजायला लावलं, तरी एकच. एकदा सांगून माझा विश्वास बसत नाही हे तुझी आई जाणते. ती आत्ता लिहिता लिहिता जोरजोरात मान हलवतेय.

राग नाही आला. खरं सांगायचं तर आधी गुदगुल्याच झाल्या. एवढी मोठी संस्था, एवढी शिकलेली माणसं, आणि सगळी माझ्या एका कोटाच्या बटणापायी अडून बसलेली. पण मग खालून हॉर्न ऐकू आला. ड्रायव्हरकाकांचं तुला माहीत आहे ना? तेही तुमचेच श्रोते, त्यांची नवी पेटी बिल्डिंगमधली पोरं लावून देतात. दारावर कुणी आलं की ते दुसरं काही विचारत नाहीत. त्यांचं नाव घेऊन हाक मारली की दार उघडतात. दिसत नाही, तर माणसाने नावावरच भरवसा ठेवायचा. ते नाव आणि तो पत्ता तुमच्याकडे आहे, आणि तुझ्या आजीची करमणूक चालू राहावी म्हणून तिथे भोक उघडं आहे. मला त्या दुपारी पेटी लावावीशीच वाटली नाही.

त्या मुलीला तू अजिबात रागावायचं नाहीस. तिने तिचं काम केलं. मी तिला म्हटलं, नवी पेटी पाठव. नवीवर पडदा आहे, पडद्यावर अक्षरं आहेत, आणि अक्षरांशी माझी कधी बोलचाल नाही, याच भीतीने तू थांबली होतीस ना? मग ऐक. पेटी आली त्या दिवशी मी ती घेऊन काकांकडे गेले. त्यांना वाचता येतं पण दिसत नाही, मला दिसतं पण वाचता येत नाही. मी सांगत गेले, ते ओळखत गेले. मी म्हटलं, पोट सुटलंय, पाठीला काठी, पोटात तिरकी काडी, डोक्यावर टिकली. काका ओरडले, थांबा, ते ‘बंद’ असणार, हात लावू नका! मी तोवर लावला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एक गुप्तहेराची गोष्ट लावली आणि ऐकलीसुद्धा. काका म्हणाले, तुमच्यासारखं वर्णन करणारी कंडक्टर मिळाली असती तर मी अजून बस चालवली असती. आता मला कुठल्या चित्रावर बोट ठेवायचं ते पाठ झालंय. अक्षरं तशीच अनोळखी राहिली, आणि त्याची मला काही खंत नाही.

तू वाचलेली पुस्तकं नव्या पेटीत येत नाहीत, हेही मी विचारून घेतलं. आवाज जुना, खरखरीत, म्हणून कुणी घेतलाच नाही. ते तुला माहीत होतं आणि म्हणूनच तू थांबलीस. थोडंफार नव्या पेटीच्या भीतीने, बाकी सगळं त्या आवाजासाठी. तू बोलली नाहीस, मी विचारणार नव्हते. काल मी जावयाची कादंबरी शेवटपर्यंत ऐकली. शिंक दोनदा ऐकली. मग स्वतःच्या हाताने वायर काढली आणि पेटी तुमच्या माणसाच्या हवाली केली. बटण तेवढं काढून घेतलं, ते माझं आहे.

म्हणून हे पत्र. आता एकही जुना श्रोता उरलेला नाही. सोमवारी बैठकीत तसं सांग आणि तो भाग बदल. कुणी विचारलं की इतके दिवस का थांबवलं, तर खरं ते सांग. माणसं आजीचं नाव ऐकून जरा नरमतात, त्याचा फायदा घे. तुझा आवाज मला ऐकायचा असेल तेव्हा मी तुला इथे बोलावून घेईन आणि समोर बसवून वाचून घेईन. पान उलटताना मी तुझ्या बोटांकडे बघत असेन, दोन पानं एकदम उलटलीस तर बघ. आणि काम झालं की तुझ्या ऑफिसातल्या त्या थांबून राहिलेल्या मंडळींना माझ्या नावाने केक खाऊ घाल. फोनवाल्या मुलीला मोठा तुकडा दे. एक तुकडा इकडे पाठव. तो आला की भोक बुजलं असं मी काकांना सांगेन, तोवर त्यांच्या दारावर लक्ष ठेवून आहे. केक साधा असू दे, वर क्रीम नको, आणि कडेचा कडक तुकडा पाठवू नकोस, मधला मऊ पाठव, दोघांना पुरेल एवढा.

तुझीच, दात कमी आणि तोंड शाबूत असलेली,
आजी