सर आज मॉनिटरपाशीच बसले

मनामा, गुरुवार, संध्याकाळ

दिग्दर्शक सरांबरोबर सात सिनेमे झाले. सर कॅमेऱ्याशेजारी उभे राहून माझे तमिळ संवाद हळूच सांगतात, मी त्यांच्याकडे बघत म्हणते. आज मीना सलमान बंदरातल्या गोदामात शॉट लागला, तर सर मॉनिटरपाशीच.

विचारलं, "सर, प्रॉम्प्टिंग?"

"तुला तमिळ येतं. तिसऱ्या सिनेमापासून येतं."

म्हणजे माहीत होतं. त्यांनी समोर उभं राहावं म्हणून मी लपवलं, आणि तेही उभे राहत गेले. मग आजच का नाही? पुढच्या सिनेमात मी नाही, असं तर नाही ना? विचारायची हिंमत झाली नाही.

कॅमेऱ्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बोलले. कुठेच अडले नाही. सरांनी लगेच ओके केलं.

मला वन मोर टेक हवा होता.