मुकादमाची उमेदवारी

ती. ताईस,

कंबर वाकू देईल तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

आपली मुकादम (पाळण्यातच तिला हे नाव देणारी तूच) पुढच्या महिन्यात अठराची होते. अठरा झाली की तिची विशेष शाळा सुटते. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, "पुढचं काय ठरवलंय?" मी नळयोजनांचे आराखडे करणारा माणूस, गावाला पुढची तीस वर्षं किती पाणी लागेल हे झोपेत सांगेन. पण पोटच्या पोरीचा आराखडा मी कधी काढलाच नव्हता. तुझ्या भावजयीने पाण्याचा ग्लास उचलला, तो खाली ठेवायचंही तिला सुचेना.

बाईंनीच मग मुकादमाला एका धुलाईच्या कारखान्यात उमेदवारीला लावून दिलं. दवाखान्यांच्या धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या. ती कडेला कड अशी लावायची की बघत राहावं. आम्ही हुरळलो. मी तर ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला (साहेबांनाही, ज्यांच्याशी मी बोलत नाही). आठवडा सरायच्या आत मालकांचा फोन, "जरा येऊन जा." जाऊन बघतो तर चादरींचा डोंगर, यंत्र बंद, आणि त्याच्यापुढे हात पसरून मुकादम उभी. तिला प्रत्येक चादरीवर पुसटसा डाग दिसत होता (चष्मा पुसल्यावर मलाही दिसला) आणि डागाची चादर ती आजारी माणसाकडे जाऊ देईना. मालक भला माणूस. म्हणाला, "पोरीचं काम चोख आहे हो. पण इतकं चोख मला परवडत नाही."

परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती म्हणाली, "बाबा, उद्या लवकर जाऊ. खूप चादरी राहिल्यात." काम सुटलंय हे तिला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ती डबा घेऊन दाराशी उभी राहते आणि मी कारखान्याला रोज नवी सुट्टी देतो. सुट्ट्या संपत आल्या, ताई.

भावजींना नमस्कार, मांजराला जे काय सांगतात ते.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं तर पत्र याचसाठी. आम्ही दोघं नसू तेव्हा तिला तुझ्याकडे ठेवून घेशील का? फोनवर विचारायचा धीर होईना.

पुन्हा ता. क. लिहिताना मोठ्याने वाचायची माझी खोड तुला ठाऊक आहे. मुकादमाने ऐकलं. म्हणाली, "आत्या तर तुझ्याहून म्हातारी आहे." (मी आराखडे करणारा माणूस!) मग जरा विचार करून, "आत्याला कोण बघतं?" असं विचारून आत गेली. आता बॅग भरतेय. शनिवारच्या गाडीने तुला सांभाळायला येते म्हणते. तिला नाही म्हणणं मला जमायचं नाही. तुला जमलं तर बघ.