टोपी आपल्या बाची न्हाई

नरसिंग,

आशीर्वाद तुझ्या लेकरांना हायत, तुला न्हाईत.

नवा जिल्हा झाला म्हणून लातूरच्या प्रदर्शनात तू घरातली ती लढाईतली लोखंडी टोपी मांडलीस. वर पाटी लावलीस, 'आमच्या वडिलांची'. तिथल्या साहेबानं आतलं कातडं उचकटलं तर गोऱ्याचं नाव निघालं. मग तू चारचौघांत म्हणालास, "म्हाताऱ्यानं मुडद्याची काढली आसंल." जीभ झडली न्हाई तुझी?

'तुझा बा कसला शिपाई' म्हणून बोर्डिंगातली पोरं तुला चिडवायची, म्हणून टोपी बाची हाय असं मीच तुला खोटं सांगितलं होतं. ते माझं चुकलं. पण तू बाला एकदा तरी विचारलंस का?

बहात्तरच्या दुष्काळात मी ती घेऊन झऱ्यावर पाणी भराय निघाले, तर बानं हिसकून घेतली. म्हणाला, "ब्रह्मदेशात एक गोरा पोटात गोळी लागून पडला होता. पाण्यासाठी त्यानंच टोपी काढून माझ्या हातात दिली. ओढ्यावरून भरून आणली, तवर तो गेला होता. मला नाव वाचता येईना. कुणाला देऊ?"

तू नांदेडात नोकरीवर होतास. तुला हे कोण सांगणार?

या पत्राला मी तिकीट लावत न्हाई. उद्या चाकूरहून पहिल्या यष्टीनं मीच येते. प्रदर्शनातल्या त्या साहेबाला गोऱ्याच्या घरी कळवाय लावते, की त्याचं पाणी आमच्या बानं आणलं होतं, पण उशीर झाला. तू मधे बोलू नको.

तुझी थोरली बहीण,
चांगुणा