न्हाणीतले मुंगळे

मंगळवार, ९ जानेवारी १९७३

पुन्हा मुंगळे! तट्ट्याच्या न्हाणीत पाय ठेवायला जागा नाही. काल एवढं रॉकेल शिंपडलं, त्याचा वास तेवढा राहिला. यांचं म्हणणं, "मिरजगावला कुणी गेलं की डीडीटी आणवतो. तोवर जपून आंघोळ कर." जपून आंघोळ कशी करतात?

मुंगळे कशाला येतात, ते यांना सांगितलेलं नाही. बाळ नाताळातच गेलं, पण दुधाला ते कोण सांगणार! छाती नुसती दगड होते. मग न्हाणीत बसून फरशीवर पिळते. नगरला आईकडे राहिले असते तर भेटायला येणाऱ्या बायकांची चुकचुक ऐकावी लागली असती. म्हणून हट्टाने यांच्याबरोबर इथे तलावाच्या कामावर, तंबूत आले. ओव्हरसियरच्या बायकोला कुणी काही विचारत नाही. बरं आहे.

११ जानेवारी

मुंगळेच. दुसरं काही नाही.

१२ जानेवारी

पाणी भरणाऱ्या भागूबाईने आज फरशी पाहिली, मग मला पाहिलं. वाटलं, आता ही गळा काढणार. नाही काढला. "मारू नका त्यास्नी, बाई. मुंगळ्याच्या तोंडी गेलं की दूध आटतंया. लवकर मोकळ्या व्हाल."

मोकळी! बरं तर. या म्हणावं, पोटभर प्या.

१४ जानेवारी

संक्रांत. यंदा सण नाही आपल्याला. हे डीडीटीचा डबा घेऊन आले. "आता एक उरायचा नाही बघ!" किती दिवसांनी खूश दिसले. "टाकते" म्हटलं. टाकली नाही.

१७ जानेवारी

दूध कमी झालंय बहुतेक. बरंही वाटत नाही, वाईटही नाही.

दुपारी भागूबाईची सून चांगुणा झोळीतल्या पोराला साखरेचं पाणी बोटाने चाटवत होती. उन्हात माती वाहून तिचं आटलंय. पोर कुईकुई करतं, रडायचंही त्राण नाही. तो आवाज आला आणि माझं पोलकं भिजलं! कमी कुठलं! तशीच न्हाणीत पळाले, पिळून टाकलं. मुंगळे आलेच. बाहेर ते कुईकुई करतच होतं. मला माझीच किळस आली.

१९ जानेवारी

भागूबाईला म्हटलं, "चांगुणाच्या पोराला मी घेते." म्हातारी चाट पडली. "सायेब काय म्हनतील? आन् आमी कोन, तुमी कोन..." यांना विचारलंच नाही. विचारलं की 'नको' म्हणतात.

२० जानेवारी

आधी तोंडच लावेना. मग लावलं— अगं आई गं, काय कळ आली! मोठ्याने ओरडले. हे कामावरून धावत आले. "काय झालं? मुंगळा चावला?" आणि दारातच थबकले. माझ्याकडे बघतायत, पोराकडे बघतायत.

म्हटलं, "पडदा ओढा. वारं लागतंय त्याला."