नाकातला फवारा आणि ढगाची बाही

३ तारीख
मला काही झालेलं नाही. दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून आहे ती विश्रांती. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पाठ आहे, लोखंड नव्हे. सून याला डिप्रेशन म्हणते. नाना प्रकारच्या गोळ्या झाल्या, एकीचाही गुण नाही. येणार कसा? आजारच नाही तर गोळी बिचारी काय बरं करणार! आता म्हणे नवीन औषध निघालंय, नाकात मारायचा फवारा. जाणार आहे. सुनेला खोटं पाडायला.

४ तारीख, सकाळ
डॉक्टरीण काल-परवा शाळा सुटल्यासारखी दिसते. म्हणाली, आजी, गोळ्यांना आठवडे लागतात, याचा फरक कधी कधी एका दिवसात दिसतो, पण बरं वाटलं तरी आठवड्यातून दोनदा यायचंच. पुढचं मी ऐकलंच नाही. एका दिवसात बरं झालेलं माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल?
आणखी नियम. औषधानंतर दोन तास इथेच बसायचं, घरच्या माणसाबरोबरच जायचं, आणि एक झोप होईपर्यंत गाडी नाही, मशीन नाही. कारखान्यातलं मशीन म्हणत असणार.
शेजारच्या खुर्चीत रिटायर झालेला बस ड्रायव्हर. कित्येक महिने येतोय म्हणे. कीव आली. म्हटलं, भाऊ, जरा मनावर घ्या.

दुपार
अगं बाई! कडू. घशात उतरलं, आणि मग खुर्चीच हलकी झाली. माझे पाय कुणाला तरी उसने दिल्यासारखे. छताचा पंखा माझ्याशी अदबीने वागत होता, घरात कुणी वागत नाही. नर्सने बीपी घेतला, तेवढ्यात मी तिच्या युनिफॉर्मची काख बघितली. कापड गोळा झालंय. सांगितलं तिला, दे इकडे, उसवून देते. ड्रायव्हर हसला. नर्स म्हणाली, हे इथे पहिल्यांदाच हसले. माझा हातगुण!

संध्याकाळ
नातीचा झगा दोन वर्षांपूर्वी बाह्या सोडून शिवला होता, तिच्या वाढदिवसाचा. तेव्हापासून मशीनवर तसाच. आता ती शाळेच्या नाटकात ढग झालीय, वीस तारखेला. पांढरा आहेच, खालून उसवून लांब केला. सून बाजारात गेली तशी मशीनवर बसले. पाय असा चालला की वीस वर्षांची झाले! बाही लावली. उठायला गेले तर झगा माझ्याबरोबर उठला. ढगाची बाही माझ्या गाऊनच्या बाहीला शिवलेली, दुहेरी टीप, अगदी सरळ. सुनेने येऊन कात्रीने मला सोडवलं. मशीनची सुई काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. माझ्याच घरात! टीप मात्र सरळ होती.

५ तारीख
सुनेच्या आधी उठले. चहा केला. खिडकी उघडली, भिंतीकडे ढुंकूनही बघितलं नाही. सुई परत मिळाली. बरी झाले. म्हणजे आजारी नव्हतेच, पण झाले. एक बाही लावून टाकली, दुसरी काय, चुटकीसरशी. आता दुकान पुन्हा उघडते. सुनेला काजं करायला शिकवते, तिचा हात फार जड. दवाखान्यातल्या सगळ्या नर्सना नवे युनिफॉर्म.

८ तारीख
आज दुसऱ्या फवाऱ्याची पाळी. गेले नाही. सुनेला म्हटलं, रद्द कर, माझी खुर्ची कुणा गरजूला मिळू दे. ती वाद घालून थकली, मग बरं म्हणाली. भांडण अर्धवट सोडणारी बाई नाही ती. संशय आला. पण मी आनंदात होते, सोडून दिलं.

१० तारीख
दुसरी बाही उद्या. आज हवा दमट आहे, कापड ओढलं जातं.

१२ तारीख
दोरा तुटतो. हल्लीचे दोरेच असे.

१४ तारीख
आडवी. पाठ.

१५ तारीख
भिंत.

१७ तारीख
नात येऊन पायाशी बसली. म्हणाली, आजी, ढगाला एक बाही चालते, ढग कसलाही असतो. बाईंना सांगितलंय म्हणाली. मला समजावत होती. मी तोंड फिरवलं. फिरवायला भिंतीशिवाय जागाच नव्हती.
सून आली. सकाळी फवारा आहे म्हणाली. म्हटलं, रद्द केलास ना? तर म्हणे रद्द नव्हता केला, पुढे ढकलला होता. लबाड कुठली. माझ्या मागे माझ्या पाळ्या ढकलते.
बरं झालं.

१८ तारीख, सकाळ
ड्रायव्हर त्याच खुर्चीत. मला बघितलं, शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मनावर घ्या, असं म्हणाला असता तर मी उठूनच गेले असते. पण तो तसं म्हणाला नाही. नर्सची काख तशीच आहे. डॉक्टरीण म्हणाली, यावेळी कदाचित वेळ लागेल, पण येत राहा. या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. दुसरं काही करायला नव्हतं.

दुपार
घरी. दवाखान्यातला पंखा आज काही बोलला नाही. पाय माझेच आहेत, जड. बाही राहिलीय, हात शिवशिवतात जरासे. सकाळी दवाखान्यात निघण्यापूर्वीच मशीनची सुई काढून सुनेच्या हातावर ठेवली होती. तिने विचारलं, काय हो सासूबाई, हे काय?
म्हटलं, गंजते.