नमः शिवायच्या पुढचे शब्द

प्रिय शिला,

फोनवर बोलायला लागले की मला रडू फुटतं, आईचं काळीज ते, आणि तू भलतंच समजतेस, म्हणून सातवीपर्यंतचं शिकलेलं कामाला लावून लिहायला बसले. इथं सगळं बरं आहे. सोयाबीन निघालं, तुझा भाऊ रणजीत जवळा बाजारला विकून आला. म्हैस व्याली. आता घरचं दूध आहे, त्याला चहात पाणी घालायचं निमित्त उरलं नाही.

लकव्यानं तुझ्या बापूंची वाचा गेली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याकडून रोज बोलून घ्यायला सांगितलं होतं. मी आपली ‘भाकर म्हणा, पाणी म्हणा’ करत मागं लागायची. त्यांच्या तोंडून नुसती घरघर निघायची, मग रागानं भिंतीकडं तोंड फिरवायचे. शेजारच्या शेतातल्या अनुसयाबाईंनी हे पाहिलं. म्हणाल्या, “काहून सारखं मागून राहिलीस गं? जवळ बसून ॐ नमः शिवाय म्हण, चालीवर. तुला तरी निवांत वाटंल.” अर्थ विचारला, तर म्हणाल्या, “शिवाला नमस्कार. बस, एवढंच. नमस्कारात मागणं नसतंय.”

सकाळी चूल विझली की मी त्यांच्या खाटेशी बसू लागले. सुरुवातीला तोंडात मंत्र आणि नजर त्यांच्या ओठांवर. मग कधीतरी मलाच गोडी लागली. श्वास सावकाश व्हायचा, डोळे मिटायचे, ओठांकडं बघायचं राहूनच जायचं. एक दिवस ‘ॐ नमः’ म्हटलं आणि मला ठसका लागला. तेवढ्यात खाटेवरून आलं, “शिवाय.” बोबडं, पण बराबर चालीवर! डोळे उघडले तर बापू माझ्याहून जास्त दचकलेले. मग आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत बसलो. आता पूर्ण मंत्र म्हणतात; बाकी शब्द मात्र कालपर्यंत येत नव्हते.

काल जेवताना रणजीत मला म्हणाला, “याडी, शिला नर्सिंगचं शिक्षण सोडून घरीच यायचं म्हणून राहिली, बापूंचं करायला.” बापूंनी ताट सरकवलं. मान लाल होईस्तोवर जोर लावला, आणि मंत्राबाहेरचं पहिलं बोलणं निघालं, “शिला... शिकू दे.” रणजीत घास हातात धरून रडला. पोरी, दिवाळीला ये, पोटभर राहा आणि नांदेडला परत जा. इतक्या महिन्यांनी तुझे बापू बोललेत, त्यांचं ऐक.

तुझीच,
याडी