हिरव्या मफलरांची माणसं

प्रिय पूर्वी,

कालच फोनवर बोललो आणि आज हे पत्र, म्हणून दचकू नकोस. तब्येती बऱ्या आहेत. बोंबील वाळत घातलेत, धर्मेशचे बाबा मच्छीमार सोसायटीत गेलेत. ते परतायच्या आत लिहून शेजारच्या दीपिकाकडे टपालात टाकायला द्यायचंय.

खरं सांगू, तुमच्या त्या फुटबॉलचा मला आधी रागच यायचा. तुम्ही अमेरिकेत शहराबाहेर घर घेतलंत आणि धर्मेशला हे वेड लागलं. सातपाटीत वाढलेला मुलगा, इथे क्रिकेटशिवाय कशाला हात लावला नाही. तिथे मात्र शनिवारी सामना असला की आईचा फोनसुद्धा उचलायचा नाही. भर उन्हाळ्यात गळ्यात क्लबचा हिरवा मफलर. मी विचारायचे, अरे, सगळ्यांना एकदम सर्दी झालीय का? शेजारची कुटुंबं पोराबाळांसकट एकाच रांगेत बसतात, हरायला लागले तरी शेवटपर्यंत उठत नाहीत, असं तो कौतुकाने सांगायचा. मी पाठवलेली जवळ्याची चटणीही त्यांना चाखवली म्हणे. मला वाटायचं, आमचा विसर पडावा म्हणूनच ही माणसं याला भेटलीत.

मार्चमध्ये त्याची गाडी बर्फावरून घसरली आणि सगळं संपलं. आम्हाला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. मग तू तो व्हिडिओ पाठवलास. स्टेडियममधली त्याची रिकामी खुर्ची, तिच्यावर मफलर, आणि भोवती शेकडो माणसं ढोल बडवत गातायत. माझं टाळकंच फिरलं. माझा मुलगा गेला आणि यांना गाणी सुचतायत, असं म्हणून मी फोन आपटला. बऱ्याच दिवसांनी पुन्हा बघितला, तेव्हा दिसलं की गाणाऱ्यांचे डोळे वाहतायत. ढोल वाजवणाऱ्या बाईला तर रडू आवरेना, हात मधेच थांबत होते. आपल्या माणसाला निरोप द्यायची त्यांची हीच रीत, हे तू समजावलंस तेव्हा मला माझीच लाज वाटली.

त्यातच अनुज दिसला. शेजाऱ्याच्या खांद्यावर बसून गळा फाडून गात होता. बाप गेल्यापासून आमच्याशी फोनवर तो एक शब्द बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. एवढा मोठा आवाज त्याच्यात शिल्लक आहे, हे मला त्या व्हिडिओतून कळलं. रोज भाकऱ्या थापून झाल्या की तो लावते आणि तेवढाच तुकडा बघते.

काल तू विचारलंस, तिकडचं घर विकून मी आणि अनुज कायमचे सातपाटीला येऊ का. मी ये म्हणाले. माकुणसारला तुझ्या आईलाही बरं वाटेल म्हणाले. स्पीकर चालू होता आणि धर्मेशचे बाबा शेजारी बसले होते.

पूर्वी, त्यांचं मन ठिकाणावर नाही. माळ्यावरून धर्मेशचे लहानपणचे शर्ट काढून त्यांनी मला धुवायला लावले. धक्क्यावर भेटेल त्याला सांगतात, "माजा धर्मेश परत येतोय." मी म्हटलं, अहो, अनुज येतोय, आपला नातू. तर म्हणाले, "तोच गो तो. आता त्याला कुटं जाऊ देनार नाय." बोलताना चेहरा इतका सुखी होता की मला भीतीच वाटली. मी त्यांना सांभाळेन. पण पोराला इथे आणलंस, तर त्याला जन्मभर आपल्या मेलेल्या बापाचे कपडे घालून वावरावं लागेल. तिकडे तुझी नोकरी आहे, त्याला त्याच्या नावाने हाक मारणारी ती रांग आहे. म्हणून लिहिते, येऊ नकोस. रविवारी फोनवर मी पुन्हा ये म्हणेन, कदाचित रडेनसुद्धा, आणि ते रडणं अगदी खरं असेल. तरीही येऊ नकोस.

तुझीच,
आई